वाचलेलं पेपरात आठवत का नाही? दहावीच्या अभ्यासाची पद्धत, पायरी पायरीने

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गात एक तक्रार हमखास ऐकू येते: "मॅडम, मी सगळं वाचलंय, पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही." बहुतेक वेळा हे खरं असतं. पोरानं आळस केलेला नसतो. धडा तीन-तीनदा वाचलेला असतो, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या-गुलाबी रंगवलेल्या असतात, गाइडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलेली असतात. तरी चाचणीत चाळीसपैकी सोळा. मग घरचे म्हणतात लक्ष नाही, क्लासवाले म्हणतात अजून दोन तास वाढवा, आणि पोर स्वतःला 'ढ' समजायला लागतं.

खरी अडचण तासांची नसतेच. पुस्तकातून डोक्यात भरण्याचा सराव भरपूर झालेला असतो आणि डोक्यातून कागदावर काढण्याचा जवळजवळ शून्य. पेपरात मात्र हे दुसरंच काम करायचं असतं. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीच्या सध्याच्या पुस्तकांतली घेतली आहेत, पण बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

पहिली पायरी: कोरं पान

विज्ञान भाग १ मधला एखादा 'झालेला' धडा घ्या. समजा, 'गुरुत्वाकर्षण'. पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी असलं की हात जातोच. एक कोरं पान आणि निळं पेन. दहा मिनिटं. त्या धड्यातलं आठवेल ते सगळं लिहायचं, क्रम चुकला तरी चालेल, वाक्यं अर्धवट राहिली तरी चालेल.

होतं काय, ते सांगते. पहिली दोन मिनिटं पेन पळतं. 'केप्लरचे तीन नियम' असं शीर्षक येतं. पहिला नियम येतो: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार आणि सूर्य त्याच्या एका नाभीवर. दुसऱ्या नियमात 'समान कालावधीत समान क्षेत्रफळ' एवढं येतं, पण क्षेत्रफळ कशाचं ते सुचत नाही. तिसऱ्यात वर्ग आवर्तकालाचा की अंतराचा, इथे गाडी अडते. वस्तुमान आणि वजन यांच्यातल्या फरकाचे दोन मुद्दे येतात, तिसरा जिभेवर असतो. मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर हा आकडा पाठ असतो, पण त्याचं सूत्र कुठून आलं ते नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला वाटतं, झालं, आता काही उरलं नाही. तिथे उठायचं नाही. उरलेली पाच मिनिटं नुसतं बसून डोकं खाजवायचं. अडखळत का होईना, आणखी तीन-चार गोष्टी वर येतात, आणि या ओढून काढलेल्या गोष्टीच पुढे सगळ्यात पक्क्या बसतात.

आता पुस्तक उघडा आणि लाल पेनानं राहिलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा. पान समोर धरा. निळं ते तुमचं. लाल ते अजून पुस्तकाचंच. उद्याचा अभ्यास म्हणजे फक्त ते लाल. अख्खा धडा परत पहिल्या ओळीपासून वाचायचा नाही.

पहिल्यांदा हे पान बघून बहुतेक मुलांचं तोंड उतरतं. उतरू द्या. नोव्हेंबरमध्ये घरच्या टेबलावर लाल दिसलेलं बरं, मार्चमध्ये उत्तरपत्रिकेवर दिसण्यापेक्षा.

हे का चालतं

२००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत वाचत राहायचा. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचायचा आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहायचा. पाच मिनिटांनी तपासलं, तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं पुन्हा तपासलं, तर वाचणारे ४० वर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर टिकून होते. गंमत म्हणजे 'आपल्याला जास्त आठवेल' अशी खात्री वाचणाऱ्या गटाला जास्त होती.

सगळी मेख या खात्रीतच आहे. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, नजर सरसर फिरते, आणि मनाला वाटतं की आलं. ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून सांगता येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पेपरात प्रश्न समोर असतो, पुस्तकातली ओळ नसते.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. 'घोकंपट्टी' म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यातलं सगळंच टाकाऊ नव्हतं. पूर्वी घरोघरी तिन्हीसांजेला शुभंकरोति झालं की पाढे म्हणायचे, आणि ज्यांच्या घरी आजोबा कडक असत तिथे पावकी, निमकी, दिडकीसुद्धा, म्हणजे पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे. ते पुस्तकात बघून म्हणत नसत. रोज, न बघता, मोठ्यांदा, आणि चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती. म्हणजे रोजची चाचणीच होती ती. अर्थ न कळता इतिहासाची उत्तरं पाठ करायला लावली तेव्हा घोकंपट्टीचं वाटोळं झालं. पाढे, सूत्रं, पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावं आणि अणुअंक, संस्कृतची रूपं या गोष्टी आजही बिनदिक्कत पाठ कराव्यात. मात्र म्हणताना पुस्तक बंद हवं.

दुसरी पायरी: धड्याचे प्रश्न करा, उत्तरं नंतर

कोरं पान अख्ख्या धड्याचा अंदाज देतं. बारीकसारीक गोष्टींसाठी प्रश्न लागतात आणि ते तुम्ही स्वतः काढायचे. स्वाध्यायातले प्रश्न आहेतच, पण ते सगळ्यांनाच माहीत असतात. धड्याच्या पोटातलं त्यात सगळं येत नाही.

यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांची मागची बाजू कोरी असते आणि पुठ्ठा जाड असतो, त्यामुळे शाई पलीकडे उमटत नाही. विड्याच्या पानाएवढे तुकडे कापा. छापलेल्या बाजूवर पांढरा कागद चिकटवा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर.

एका कार्डावर एकच गोष्ट मावली पाहिजे. 'धातुविज्ञान: ॲल्युमिनिअमचे निष्कर्षण सविस्तर लिहा' हे कार्ड निकामी, कारण आलं की नाही आलं हे ठरवताच येत नाही. त्याच मजकुराची चांगली कार्डं अशी होतात: 'बायर प्रक्रियेत बॉक्साइट कशाबरोबर तापवतात?' उत्तर: सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण. 'विद्युत अपघटनात ॲल्युमिनात क्रायोलाइट का मिसळतात?' उत्तर: ॲल्युमिनाचा द्रवणांक दोन हजार अंशांच्या वर आहे, तो हजाराच्या आसपास आणायला. 'वितळलेलं ॲल्युमिनिअम कुठे जमा होतं आणि का?' असे सहा-सात प्रश्न झाले की पाच गुणांचं उत्तर आपसूक तयार होतं, आणि प्रश्न फिरवून विचारला तरी पंचाईत होत नाही.

ही कार्डं ठेवायला मिठाईचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्यानं त्याचे तीन कप्पे करा. पहिला रोजचा, दुसरा तीन दिवसांनी बघायचा, तिसरा आठवड्यानं. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात सरकवायचं. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या विज्ञानपत्रकारानं १९७२ मध्ये लोकांपुढे आणली. आज मोबाइलवर हेच काम करणारी ॲप मिळतात. पण दहावीच्या मुलाच्या हातात अभ्यासासाठी मोबाइल देणं म्हणजे काय, ते घराघरात माहीत आहे. खोका बरा.

कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडानं पूर्ण म्हणायचं, ही एक सवय कडकपणे लावा. 'हां, हे येतं मला' म्हणून उलटलं की सगळा खेळ वाया जातो. आणि कार्डं बनवण्यातच सगळी संध्याकाळ घालवू नका. रंगीत पेनं, रेघा, नक्षी हे सगळं अभ्यास न करण्याचे सभ्य मार्ग आहेत.

तिसरी पायरी: अंतर ठेवून पुन्हा

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाच्या माणसानं अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्याला असंही दिसलं, की एकाच बैठकीत भरमसाट उजळणी करण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांवर वाटली, तर कमी कष्टात काम होतं.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की रविवारी सलग तीन तास भूगोल करण्यापेक्षा तेच तीन तास तीन आठवड्यांत वाटावेत. थोडं विसरल्यावर परत आठवायला जे कष्ट पडतात, ते फुकट जात नाहीत.

भिंतीवरचं कॅलेंडर यासाठी उत्तम. आज 'उष्णता' हा धडा केला, तर आजच्या चौकोनात दुधाच्या खाड्याशेजारी बारीक अक्षरात 'उष्णता' लिहा. मग दोन दिवसांनंतरच्या चौकोनात, आठवड्यानंतरच्या आणि तीन आठवड्यांनंतरच्याही. त्या त्या दिवशी पुस्तक न उघडता कोरं पान, पंधरा मिनिटं. आकडे काही शिलालेख नाहीत. परीक्षा महिन्याभरावर असेल तर दोन उजळण्यांत आठवडा-दीड आठवडा अंतर चालतं; चार दिवसांवर असेल तर रोज. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करा. सगळं वेळापत्रक नव्यानं आखायला बसू नका. काही मुलं वर्षभर वेळापत्रकंच आखतात.

चौथी पायरी: गणितात मिसळ करा

गणिताचा घोळ वेगळाच असतो. सरावसंच सोडवताना सगळं येतं आणि पेपरात काही सुचत नाही. कारण सरावसंच २.६ उघडला की त्यातलं प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचंच, हे आधीच ठरलेलं असतं. कोणती पद्धत लावायची हा निर्णय पुस्तकानंच घेऊन टाकलेला असतो. पेपरात तो निर्णय तुमचा.

ही तीन उदाहरणं एकाखाली एक लिहा. दोन संख्यांची बेरीज २७ आणि गुणाकार १८२ आहे, तर संख्या काढा. पहिल्या २० विषम नैसर्गिक संख्यांची बेरीज काढा. पन्नासच्या आणि वीसच्या मिळून ३० नोटा आहेत, एकूण रक्कम ९०० रुपये, तर पन्नासच्या किती? तिन्हींत 'बेरीज' किंवा 'मिळून' आहे, तिन्ही दिसायला भावंडं. पण पहिलं वर्गसमीकरणाचं (१३ आणि १४), दुसरं अंकगणिती श्रेढीचं (४००), तिसरं दोन चलांतील रेषीय समीकरणांचं (पन्नासच्या १०). सोडवण्याआधी प्रत्येकाखाली एकच ओळ लिहायची: हे कुठल्या प्रकरणाचं आणि कशावरून ओळखलं. गुणाकार दिलाय म्हणजे वर्ग येणार. संख्या ठरावीक फरकानं वाढतायत म्हणजे श्रेढी. दोन अज्ञात, दोन अटी आणि गुणाकार नाही, म्हणजे रेषीय. ही ओळ लिहिण्याचा सराव झाला की निम्मं गणित तिथेच सुटतं.

फ्लोरिडात डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली होती आणि दुसऱ्याला मिसळून. सराव करताना प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र प्रकारवारवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर. सराव करताना अडखळायला होतंय म्हणून मिसळ सोडू नका.

पद्धत अशी: नवं प्रकरण शिकताना सुरुवातीची आठ-दहा उदाहरणं त्या प्रकरणाचीच करा, हात बसायला. त्यानंतर रोजच्या दहा उदाहरणांत चार नव्या प्रकरणाची आणि सहा मागच्या वेगवेगळ्या प्रकरणांची. पुस्तकातले 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' यासाठी सोन्यासारखे आहेत. प्रत्येकातून एकेक उचला. उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यातून उचलले, तर तुमच्याही नकळत मिसळ होते. भूमितीत समरूपता, पायथागोरस आणि वर्तुळ यांची अशी सरमिसळ जरूर करा, कारण आकृतीत नेमकं काय बघायचं हेच तिथे अडतं.

पाचवी पायरी: 'का' विचारा आणि ओळखीच्या गोष्टीला बांधा

दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करतो. मुलं वैतागतात: ब्राझीलशी आपला काय संबंध? पण त्या तुलनेतच पाठांतराची मेहनत वाचवायची सोय आहे.

ब्राझीलच्या ईशान्य भागातला 'अवर्षण चतुष्कोन' घ्या. मुलं व्याख्या पाठ करतात आणि ईशान्य की आग्नेय यात घोटाळा करतात. त्याऐवजी विचारा: समुद्राला इतका जवळ असून तिथे पाऊस का नाही? वारे अटलांटिकवरून बाष्प घेऊन येतात, उच्चभूमीच्या कडेला अडून वर चढतात, किनाऱ्याकडे पाऊस पाडतात, आणि पलीकडे उतरताना कोरडे झालेले असतात. आता साताऱ्याचं बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावमध्ये साधारण पाचशे. तिथल्या चारा छावण्यांच्या बातम्या तुम्ही पाहिल्यात. कारण तेच, पर्जन्यछाया. एकदा माणचा दुष्काळ आणि ब्राझीलचा चतुष्कोन एका दोरीत ओवले की 'भौगोलिक कारणे लिहा'चं उत्तर पाठ करावं लागत नाही, सांगता येतं.

प्रत्येक धड्यात असे चार-पाच 'का' शोधा. मग ते कुणाला तरी समजावून सांगा: धाकट्या बहिणीला, आजीला, कुणीच नसेल तर भिंतीला. सांगताना जिथे 'म्हणजे ते... तसं असतं ना' सुरू होतं, तिथे तुम्हाला कळलेलं नाही असं समजा आणि फक्त तेवढा परिच्छेद वाचा.

जागा, वेळ आणि तो मोबाइल

अभ्यासाची स्वतंत्र खोली असावी असे सल्ले देणाऱ्यांनी एकदा वन-रूम-किचनमध्ये दहावीचं वर्ष काढून बघावं. सात ते नऊ मालिका, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांचं येणं-जाणं. तिथे कामांची वाटणी करावी लागते. गोंगाटात चालतील अशी कामं वेगळी काढा: आकृत्या काढणं, नकाशे भरणं, कार्डं कापणं. कोरं पान, गणित आणि निबंध यांना शांतता लागते. ती पहाटे मिळते, किंवा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, किंवा गावात अभ्यासिका असेल तर तिथे. दोन तास सलग मिळत नसतील तर चाळीस मिनिटांचे तुकडे करा, मध्ये दहा मिनिटं उठा. बसल्या बसल्या पहिली पाच मिनिटं कालचं न बघता आठवायचं, ही वहिवाट पाडा.

मोबाइलबद्दल प्रवचन देत नाही. सायलेंट करून उपडा ठेवणं पुरत नाही, एवढंच सांगते, कारण लक्ष अर्धं तिकडेच राहतं. तो खोलीबाहेर, शक्यतो आजीच्या ताब्यात. शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो हे खरं आहे. तो दिवसातून एकदा, ठरल्या वेळी वहीत उतरवून घ्या.

झोप तेरा ते अठरा वयात आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नये, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं काम झोपेतही चालू असतं, त्यामुळे रात्री दोनपर्यंत जागून केलेला इतिहास सकाळी अर्धा गळालेला असतो. पहाटे चारला उठायचं असेल तर खुशाल उठा. पण मग रात्री आठला झोपायची तयारी हवी. रात्री जागायचं आणि पहाटेही उठायचं, असं दोन्ही करायचं नाही.

काय सोडून द्यायचं

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून पाहिल्या. वरच्या दर्जाच्या फक्त दोन ठरल्या: स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी अंतरानं वाटणं. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही तळाला. तेव्हा हायलायटर फार तर पहिल्या वाचनापुरता. गाइडमधून उत्तरं उतरवून काढणं थांबवा. त्यात हात शिकतो, डोकं नाही. 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशी मुलांची वर्गवारी करून त्यानुसार शिकवावं, या लोकप्रिय समजुतीलाही भक्कम पुरावा सापडलेला नाही. नकाशा सगळ्यांनी बघूनच शिकायचा आणि कविता सगळ्यांनी ऐकून.

सहावी पायरी: सराव पेपर आणि त्याचं शवविच्छेदन

गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राचे पेपर चाळीस-चाळीस गुणांचे आणि दोन तासांचे. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावा, मध्ये उठायचं नाही, पाणी आधी प्या. इथपर्यंत सगळेच करतात. पेपर सोडवून झाल्यावर गुण मोजून फाइलला लावतात आणि खरं काम तिथेच राहून जातं.

गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका खान्यात टाका. पहिला: माहीतच नव्हतं. दुसरा: माहीत होतं, ऐन वेळी आठवलं नाही. तिसरा: येत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही, एकक लिहिलं नाही, आकृतीला नावं दिली नाहीत, पायऱ्या गाळल्या किंवा वेळ पुरला नाही. तिघांवरचे इलाज निरनिराळे आहेत. पहिल्यासाठी पुस्तक किंवा शिक्षक. दुसऱ्यासाठी कार्डं आणि कोरं पान. तिसऱ्यासाठी कितीही धडे वाचले तरी उपयोग नाही. तिथे पेपर लिहिण्याचाच सराव लागतो. हुशार म्हणवणाऱ्या मुलांचे बरेचसे गुण या तिसऱ्या खान्यात जातात आणि घरचे त्यांना अजून धडे वाचायला बसवतात.

आई-बाबांसाठी

"अभ्यास झाला का?" या प्रश्नाला "हो" हे एकच उत्तर असतं. त्याऐवजी "आज लाल किती निघालं?" असं विचारा, आणि लाल जास्त निघालं म्हणून ओरडू नका, नाहीतर उद्यापासून पान लपवलं जाईल. तुम्हाला विषय यायलाच हवा असं नाही. भाकरी थापता थापता आई कार्डावरचा प्रश्न वाचू शकते आणि मागचं उत्तर जुळतं का ते पाहू शकते. आणि शेजारच्या पोराचे टक्के घरात काढू नका, एवढी मेहरबानी करा.

दीडच महिना उरला असेल तर

सगळे धडे पहिल्यापासून वाचायला घेऊ नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा एकेक जुना पेपर सोडवा, तीन खाने भरा. ज्या धड्यांत लाल जास्त आणि ज्यांवर प्रश्न नेहमी येतात, ते आधी. जे धडे पूर्ण निळे आहेत त्यांना आठवड्यातून एक कोरं पान पुरे. तिथे वेळ घालवायला गोड वाटतं, पण गुण वाढत नाहीत. विषय रोज दोन किंवा तीन, एकच विषय आठवडाभर धरून बसू नका. शेवटच्या दहा दिवसांत नवा धडा उघडायचा नाही.

पेपरच्या आदल्या रात्री फक्त पहिल्या कप्प्यातली कार्डं बघा, हॉल तिकीट आणि दोन पेनं पिशवीत टाका आणि झोपा. परीक्षा केंद्राबाहेर 'हे केलंस का, ते केलंस का' चाललेलं असतं, तिथून चार पावलं लांब उभं राहा. पेपर हातात आला की आधी सगळा वाचा. एखादं उत्तर जिभेवर येऊन अडलं तर तिथे घाम गाळत बसू नका. उत्तरपत्रिकेत जागा सोडा, पुढचे दोन प्रश्न लिहा आणि मग मागे या. अडलेला शब्द बऱ्याचदा तोवर सुटलेला असतो.